ओमेगा सेंटॉरी, इंदूरहून : प्रकल्प नोंदी, उन्हाळा २०२५

८ मार्च, शनिवार

यंदाचं लक्ष्य ठरलं. ओमेगा सेंटॉरी, एनजीसी ५१३९. नरतुरंग तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ, दृश्यप्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं तेज कमी) ३.९ च्या आसपास, अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षं. आकाशगंगेत असे दीडशेच्या वर गुच्छ आहेत, त्यांत सगळ्यात वजनदार हाच. तारे कोटीच्या घरात, पसारा पौर्णिमेच्या चंद्राएवढा. उत्तरेकडच्या लोकांचा लाडका एम १३ गुच्छ याच्यापुढे किरकोळ. तरी आमच्या ओळखीतल्या दुर्बीणवाल्यांपैकी कुणीही तो इंदूरहून नीट पाहिलेला नाही.

कारण वजाबाकीत आहे. गुच्छाची आजची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर, उणे म्हणजे दक्षिणेला) उणे ४७ अंश ३६ कला, इंदूरचा अक्षांश २२.७. नव्वदातून दोन्ही वजा केले की उरतात जेमतेम २० अंश. गुच्छ ऐन दक्षिणेला, आपल्या सगळ्यात वरच्या जागी आला तरी क्षितिजापासून दोनच मुठी वर (हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, हा आमचा ठरलेला गज). काका म्हणाले, "ग्वाल्हेरवाल्यांपेक्षा बरं आहे आपलं, त्यांना सोळाच मिळतात." पुण्याला चोवीस. लडाखचं हानले, जिथल्या अंधाराचं सगळे कौतुक करतात, तिथे हा गुच्छ दहा अंशसुद्धा चढत नाही. म्हणजे अंधार शोधत उत्तरेला पळण्यात काही हशील नाही.

काका म्हणजे बाबांचे जुने सहकारी. आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण त्यांची, ती ठेवायला जागा आमची. दादा गाडी चालवणार, भाचा सगळ्यांना घाई करणार, आणि वही माझ्याकडे.

१२ मार्च, बुधवार

वेळेचं गणित आज उरकलं. ओमेगाचे आणि चित्रेचे विषुवांश (आकाशातले रेखांश, वेळेत मोजलेले) जवळपास सारखेच, दोघांमध्ये तीन-चार मिनिटांचाही फरक नाही. त्यामुळे चित्रा दक्षिणेला आली की ओमेगाही आला. तिच्यापासून सरळ खाली साडेतीन मुठी मोजायच्या. नकाशा नसला तरी चालेल अशी खूण आहे ही.

आता अमावास्या. चैत्रातला पूर्ण चंद्र चित्रेपाशीच असतो, महिन्याला नाव त्यावरूनच पडलं. त्यामुळे चैत्री पौर्णिमेला या प्रकल्पाने तोंड दाखवू नये, चंद्र रात्रभर नेमका त्याच पट्ट्यात ठाण मांडून असणार. शनिवारच्या रात्री बघितल्या तर तीन सोयीच्या निघतात:

२९ मार्च: गुच्छ दक्षिणेला रात्री १.२४ ला.
२६ एप्रिल: रात्री ११.३४ ला.
२४ मे: रात्री ९.४४ ला.

रोज चार मिनिटं लवकर, म्हणून हा उतार. घड्याळ लावताना एक लक्षात ठेवायचं : आपलं भारतीय प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५ अंशांचं आणि इंदूर ७५.८६ वर, म्हणून आपलं आकाश घड्याळापेक्षा साडेसव्वीस मिनिटं मागे चालतं. वरच्या वेळांत ते धरलेलं आहे.

मार्चची रात्र फार उशिराची, पण छतावर चाचणीला चालेल. मे महिन्यात वेळ छान, पण तोवर संध्याकाळी ढग जमायला लागतात आणि वावटळी सुरू होतात. मुख्य रात्र एप्रिलचीच. चैत्र अमावास्या म्हणा. शेजारच्या शर्मा आंटींच्या पंचांगात तीच वैशाख अमावास्या आहे, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आईने कालनिर्णय आणि त्यांनी त्यांचं पंचांग शेजारीशेजारी ठेवून अर्धा तास काढला. तारीख दोघींची एकच निघाली.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. हवेत गुलाल इतका की दुर्बिणीचा आरसा गादीच्या खोळीत, आणि खोळ पलंगाखाली. दुसरं काम नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा (पहाटे लिहिलेलं)

राजेंद्रनगरच्या छतावरून चाचणी. दक्षिणेला राऊ, त्यापुढे महू, किंचित पश्चिमेला पीथमपूरचे कारखाने. या तिघांचा मिळून उजेड क्षितिजापासून साधारण तीन मुठींपर्यंत चढलेला. आपला गुच्छ दोन मुठींवर, म्हणजे पुरता त्या पिवळ्यात बुडालेला. वर स्वाती झगझगीत, चित्रा स्वच्छ, हस्ताचा चौकोनही पूर्ण, आणि खाली नरतुरंगाचे दोन-तीन ठळक तारे सोडले तर काही नाही.

१० बाय ५० च्या द्विनेत्रीतून दीडच्या सुमारास एक पुसट डाग सापडला. भाच्याला दिसला नाही, दादाला दिसल्यासारखा वाटला, मला दोनदा दिसला. दुर्बिणीतून ४८ पटीवर डाग जरा मोठा झाला, तारे सुटे झाले नाहीत. जागा बरोबर होती, हे नकाशाशी ताडून पक्कं केलं.

यात दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात. एक म्हणजे शहराचा उजेड, तो गावाबाहेर गेलं की टळतो. दुसरी हवा, ती टळत नाही. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जेवढ्या थरातून येतो त्याच्या जवळपास तिप्पट थरातून २० अंशांवरच्या ताऱ्याचा येतो. बऱ्यापैकी स्वच्छ हवेतही त्यात अर्ध्या प्रतीहून जास्त तेज जातं. १५ अंशांवर हा थर पावणेचार पट, १० वर साडेपाच पट. म्हणून आमची मर्यादा १५ अंश. त्याच्या वर गुच्छ सुमारे चार तास असतो, याम्योत्तराच्या (ऐन दक्षिणेच्या रेषेच्या) अलीकडे दोन आणि पलीकडे दोन. २६ एप्रिलला ९.३५ ते १.३०. एवढीच खिडकी, आणि तिचे मधले दोन तास खरे कामाचे.

गुढी उभारायची आहे, तासभर तरी झोपते.

२ एप्रिल, बुधवार

जागेचा वाद. दादाचं म्हणणं डोंगळ्याकडे जाऊ. उज्जैनच्या पलीकडे, कर्कवृत्ताजवळ, तिथे वराहमिहिरांच्या नावाची वेधशाळाही आहे आणि आसपास शेतीच शेती. मी नकाशा उघडून दाखवला. डोंगळ्याहून दक्षिणेला बघितलं की समोर उज्जैन आणि त्याच्यामागे इंदूर. डोक्यावरचं आकाश कितीही काळं असो, आपल्याला हवा असलेला तुकडा नेमका शहरांच्या डोक्यावर. शिवाय पाऊण अंश उंची वर गमवायची. याउलट इंदूरच्या दक्षिणेला गेलं की सगळा उजेड पाठीशी. उत्तरेचं आकाश खराब झालं तर झालं, तिकडे आपलं काय काम? डोक्यावर अंधार किती हे नंतर बघू, आधी दक्षिणेचे खालचे वीस अंश बघायचे. काकांनी मान डोलावली, दादा "ठीक आहे भिया" म्हणून चहा करायला उठला.

इंदूरच्या दक्षिणेला हे आयतंच जुळून येतं. महूच्या पुढे माळव्याचं पठार विंध्याच्या कडेवर संपतं आणि खाली निमाड. कडेवरून नर्मदेपर्यंत काही शेकडो मीटर उतार. मंडलेश्वर, महेश्वर, कसरावद हे सगळे दिवे डोळ्यांच्या पातळीच्या खाली राहतात. खरगोन लांब आहे. नर्मदेपलीकडचा सातपुडा इतका दूर की त्याने एक अंशसुद्धा अडवू नये.

वाचताना सापडलेली एक मजा लिहून ठेवते. टॉलेमीने दुसऱ्या शतकात या गुच्छाची तारा म्हणून नोंद केली, बायरने १६०३ च्या नकाशात ताऱ्याचंच ओमेगा हे अक्षर दिलं, आणि हा तारा नाही असं लिहिलं एडमंड हॅलीने, १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून. टॉलेमी तर अलेक्झांड्रियाचा, आपल्यापेक्षा आठ-नऊ अंश उत्तरेला. त्याला दिसला कसा? पृथ्वीचा अक्ष गिरकी घेतो, त्यामुळे तेव्हा गुच्छाची क्रांती आजच्यापेक्षा दहा अंश उत्तरेला होती. हिशोब केला तर टॉलेमीला तो साधारण २१ अंशांवर दिसत असणार, म्हणजे जवळपास आपल्याएवढ्याच उंचीवर. आणि वराहमिहिरांच्या काळी, सहाव्या शतकात, उज्जैनहून तो आजच्या इंदूरपेक्षा सातएक अंश वर चढत असे. आपली पाळी उशिरा आली.

५ एप्रिल, शनिवार

जागा बघून आलो, दिवसाउजेडी.

जानापाव: चंबळ जिथे उगम पावते तो डोंगर. उंची उत्तम. पण माथ्यावर देवस्थान आणि त्याचे दिवे, शिवाय रात्री रस्ता उतरायचा. ए. बी. रोडवरच्या ट्रकांचे हेडलाइटही येतात. सोडून दिलं.

जाम गेट: महू-मंडलेश्वर रस्त्यावर, ऐन कडेवर. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला दरवाजा, त्यातून पलीकडे पाहिलं की सगळं निमाड पायाशी. दक्षिण क्षितिज मोजलं तर शून्य, चक्क शून्य. आकाश बघायला इंदूरजवळ याहून सरस कठडा नाही. पण गेल्या सप्टेंबरमध्ये याच भागात रात्री थांबलेल्या लोकांवर जे गुदरलं ते विसरण्यासारखं नाही. उघड्यावर, रस्त्यालगत, अंधारात पाच तास बसायचं नाही, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं. आईने तर गाडीची किल्लीच मागितली असती.

तिसरी जागा काकांच्या ओळखीतल्या शेतकऱ्याची, मानपूरच्या अलीकडे आत वळून, कडेपासून पाऊण-एक किलोमीटरवर. पक्कं घर, कुंपण, विहीर, दोन कुत्री. खळ्याची जागा सपाट, सारवलेली. दक्षिणेला त्यांच्या बांधावर सागाची रांग आणि मोहाचं एक मोठं झाड. झाडांचे शेंडे मोबाइलवरच्या कोनमापकाने मोजले : साग ७ ते ८ अंश, मोह ११. मोह मात्र ऐन दक्षिणेला नाही, किंचित पश्चिमेला. गुच्छ मावळतीकडे झुकेल तेव्हाही १५ च्या वर असेपर्यंत मोहाच्या वरूनच जाईल. त्रिशंकूचा सगळ्यात खालचा तारा इथून चार अंशांवर, तो सागांच्या आडच राहणार. मित्र (हाच सूर्याचा जवळचा शेजारी) आणि मित्रक हे नरतुरंगाचे तारे सहा-सात अंशांवर, तेही नाहीत. भाचा हिरमुसला, त्याला "सूर्याचा शेजारी" दाखवायचा शब्द दिला होता.

मालक म्हणाले, "दीदी, नाल्याच्या पलीकडे जायचं नाही, तेंदुआ फिरतो." ते हिंदीत बोलत होते (तेंदुआ म्हणजे बिबट्या), पण सूचना मराठीतही तेवढीच स्पष्ट आहे. त्यांनी अंगणातला एलईडी रात्रभर बंद ठेवायचं कबूल केलं. त्यांच्या आईने विचारलं की अमावास्येच्या आसपास रात्रभर शेतात बसून करणार काय. काकांनी सतरा हजार वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडाचं सांगितलं. आजी म्हणाल्या, "तर मग घाई कशाला, जेवून घ्या."

१३ एप्रिल, रविवार

काल रात्री चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती. चंद्र चित्रेच्या अगदी जवळ होता, भाकीत केल्याप्रमाणे. छतावरून फक्त तेच पाहिलं.

आज दुपारी भाच्याला खरी दक्षिण दाखवली. कुंडीत काठी ओळंब्याने उभी केली, बरोबर १२.२७ ला तिची सावली खडूने आखली. एप्रिलच्या मध्याला सूर्याचं घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ यांतला कालसमीकरणाचा फरक जवळजवळ शून्य असतो, म्हणून फक्त रेखांशाची साडेसव्वीस मिनिटं धरली की झालं. ती रेषा होकायंत्राशी ताडली, जुळली. त्याने विचारलं, मग उज्जैनच्या जंतरमंतरात एवढं मोठं काय बांधलंय? हेच, पण दगडात आणि फार बारकाईने. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलं, १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी दुरुस्त करवलं, आणि आपली दुपार तिथल्यापेक्षा अर्ध्या मिनिटानेसुद्धा वेगळी नाही. सुट्टीत नेणार आहे.

२० एप्रिल, रविवार

काळजी आता उजेडाची नाही, धुराची. गहू निघाला आणि शेतांमध्ये नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, पेटवायला सुरुवात झाली. बंदी असते, दंडही असतो, तरी पेटते. घाटाखाली मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तो धूर वेगळा. आणि हे सगळं साठतं कुठे, तर क्षितिजालगतच्या दहा-पंधरा अंशांत. आमच्याच वाटेत.

शेतमालकांना फोन केला. त्यांच्या बाजूला दोन दिवसांपूर्वी जळालं, आता जाळायला उरलंच नाही. हे ऐकून बरं वाटलं याची थोडी लाज वाटली.

वारा कुठून येतो ते रोज संध्याकाळी बघायचं ठरवलंय. पश्चिमेचा कोरडा वारा धूळ आणतो, पण धूर पुढे ढकलतो. वारा अगदी पडला तर धूर बसतो. उपग्रहाच्या नकाशावर आगीचे ठिपके दिसतात, तेही तपासते. घाट उतरल्यावर निमाडात ठिपके जास्त आहेत.

सामान: दुर्बीण, २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं (४८ पट आणि १२० पट), द्विनेत्री, स्टूल, सतरंजी, लाल जिलेटीन गुंडाळलेली टॉर्च. मोबाइलच्या पडद्यावरही लाल जिलेटीन, भाच्याच्या मोबाइलवर दुहेरी.

२६ एप्रिल, शनिवार, शेतावर

पोचलो सहाला. दुर्बीण दिवस असतानाच उघड्यावर ठेवली, आरसा बाहेरच्या हवेएवढा थंड व्हायला हवा. दुपार चाळीसच्या पुढची, खळं अजून भाजत होतं, म्हणून दुर्बीण खळ्यावरून उचलून बांधालगतच्या गवतावर नेली. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा खाली बघणाऱ्या दुर्बिणीसमोर सर्वांत आधी येते.

संधिप्रकाश आठच्या सुमारास पुरता संपला. पश्चिमेला गुरू उतरत होता. डोक्याजवळ कर्क राशीत मंगळ, पुष्याच्या अलीकडे. उत्तरेला इंदूर-महूचा उजेड भिंतीसारखा उभा, पण तो पाठीशी.

९.४०. दक्षिणेला तळाला तपकिरी पट्टा, साधारण पाच-सहा अंशांपर्यंत. त्याच्या वर बरं आहे.

१०.२०. नरतुरंगाचा झीटा तारा सापडला, दृश्यप्रत २.५. त्याच्यापासून पश्चिमेला जवळपास सरळ, पाच अंशांच्या आत ओमेगा. द्विनेत्रीत लगेच आला. शोधावा लागला नाही, वाटेत आडवा आला. छतावरून जे दोनदा दिसल्यासारखं वाटलं होतं त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

१०.५०. ४८ पट. आयपीसच्या एक अंशाच्या वर्तुळाचा मधला अर्धा भाग भरलेला. कडेला काळ्या पाटीवर रवा सांडावा तसे दाणे, मध्ये दाणे नाहीत, नुसता दाट उजेड. आणि तो गोल नाही, पूर्व-पश्चिम किंचित लांबट आहे. हा गुच्छ स्वतःभोवती फिरतो म्हणून चपटा झालाय हे वाचलं होतं, पण डोळ्यांना कळेल असं वाटलं नव्हतं. काकांना न सांगता बघायला दिलं, त्यांनीही आकार काढला तो अंडाकृतीच.

११.३४. चित्रा ऐन दक्षिणेला, ओमेगा तिच्याखाली. नुसत्या डोळ्यांनी? नजर थोडी बाजूला ठेवली की आहे. तारा म्हणावा तर जरा सैल. टॉलेमीने तारा म्हटलं यात त्याचं काही चुकलं नाही.

११.५०. १२० पट. ताऱ्यांची कालवाकालव होते, हवा उकळते, दर काही सेकंदांनी क्षणभर स्थिर होते आणि त्या क्षणात दाणे थेट गाभ्याच्या जवळपर्यंत जातात. भाच्याला सांगितलं की बघत राहा, डोळा काढू नकोस. तो काही मिनिटं बोलला नाही, हे त्याच्या बाबतीत निरीक्षण म्हणूनच नोंदवते. मग म्हणाला, "आत्या, मध्ये काय आहे?" २०२४ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांतून गाभ्याजवळचे सात तारे असे सापडले की ते इतक्या वेगाने पळताना तिथे टिकायलाच नकोत. त्यांना धरून ठेवणारं काहीतरी किमान ८,२०० सूर्यांच्या वजनाचं असलं पाहिजे, बहुधा मध्यम आकाराचं कृष्णविवर. हा मुळात गुच्छच नव्हे, आकाशगंगेने गिळलेल्या एखाद्या लहान दीर्घिकेचा गाभा असावा, असं बरेच खगोलशास्त्रज्ञ मानतात, त्याच्याशी हे जुळतं.

१२.१५. वर साडेचार अंशांवर सेंटॉरस ए ही दीर्घिका, म्हणजे एनजीसी ५१२८. मंद गोळा दिसला. मधली धुळीची काळी पट्टी नाही दिसली. दादा म्हणतो दिसली. नोंदीत "नाही" लिहिलंय.

१२.४०. वारा पडला. खालून धुराचा वास. पट्टा चढून दहा अंशांवर.

१.१०. गुच्छ सोळा-सतरा अंशांवर, दाणे मिटले, नुसता ढग उरला. थांबवलं. दशम्या, लसणाची चटणी, शेव-परमल. आजींनी पाठवलेलं ताक.

२८ एप्रिल, सोमवार

आकडे उतरवून काढले. हवा आणि उंचीचा परिणाम अंदाजापेक्षा कमी जाचला, धुराचा जास्त. ९.३५ ते १.३० ही खिडकी कागदावर चार तासांची, प्रत्यक्षात १०.२० ते १२.४० ची ठरली. उगवतीकडचा अर्धा भाग मावळतीकडच्यापेक्षा उजवा, कारण रात्र चढते तसा वारा पडतो आणि धूर बसतो. म्हणजे पुढच्या वेळी याम्योत्तराच्या आधीचा वेळ मुख्य कामाला आणि नंतरचा अवांतराला.

याच हिशोबाने २४ मे ची रात्र अवघड आहे. गुच्छ ९.४४ लाच दक्षिणेला, संधिप्रकाश साडेआठपर्यंत रेंगाळणार, त्यामुळे आधीच्या वेळातला सव्वा तासच हाती. चंद्राची अडचण नाही, तो पहाटेच उगवेल. नरवाई तोवर संपलेली असेल. ढगांचं त्या दिवशी दुपारी बघू. शेतमालकांना विचारलंय, ते म्हणाले या, फक्त सोयाबीनच्या तयारीला ट्रॅक्टर लागला असेल तर खळ्याऐवजी विहिरीजवळ बसावं लागेल. विहिरीजवळून दक्षिणेला मोह आड येतो का, ते जाऊन मोजायचं आहे. दादाने सेंटॉरस ए च्या पट्टीवर पैज लावली आहे, काकांचा एक मित्र दहा इंची दुर्बीण आणायला तयार आहे.